टोपीवरचं पाणी

१

मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मिशनच्या इस्पितळाचं तळघर. कपडे वाळवायचं मोठं यंत्र शेवटची गिरकी घेऊन थांबलं आणि टोपीमावशीनं त्याचं गोल दार उघडलं.

आत बाळांच्या टोप्या होत्या. बावीस. लोकरीच्या, मुठीत मावतील एवढ्या, कानांवरून दोन नाड्या लोंबणाऱ्या. अपुऱ्या दिवसांच्या पोरांना अंगची ऊब धरून ठेवता येत नाही. ती निसटते डोक्यातून. म्हणून टोपी, आणि हनुवटीखाली गाठ. नवजात कक्षात एकतीस वर्षं परिचारिका म्हणून काढली, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ही बाई दर मंगळवारी यायची आणि आपण विणलेल्या टोप्या आपणच धुऊन, वाळवून वर पाठवायची. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि येऊ नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"आजवर किती जणांना टोप्या घातल्या, मावशी?" पलीकडे चादरींच्या घड्या घालणाऱ्या धुलाईवाल्यानं विचारलं. हा विनोद तो दर मंगळवारी करायचा.

"चार हजारांना. तू राहिलायस."

हसत हसत ती एकेक टोपी हातावर पसरत होती. गरम, हलकी, कोरडी. सातवी तिनं उचलली आणि बोट चटकन मागे घेतलं.

जो भाग टाळूवर येतो त्या जागी टोपी ओली होती. अंगठ्याएवढा गोल डाग, तोही गार. इतर टोप्या वीस-पंचवीस मिनिटं त्याच भट्टीत भाजून निघालेल्या, आणि ही गार. तिनं सवयीनं टोपी उलटी केली. आतून कोरडी ठाक होती. लोकरीचा एकच पदर, त्यात आत आणि बाहेर असं वेगळं असतं तरी काय? पण बाहेर बोट लावलं की ओलं होत होतं, आत लावलं की कोरडं राहत होतं.

"यंत्र जुनं झालं," ती म्हणाली.

"आपण सगळेच," धुलाईवाला म्हणाला.

तिनं ती एक टोपी पुन्हा आत टाकली, पंधरा मिनिटं फिरवली. बाहेर काढली तेव्हा नाड्या चटका बसण्याइतक्या तापल्या होत्या. टाळूवर डाग तसाच होता.

२

घरी नवरा खिडकीपाशी खाटेवर टेकून बसलेला असायचा. आयुष्यभर त्यानं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, घासल्या, कापल्या. त्या काचेची धूळ शेवटी त्याच्याच छातीत जाऊन बसली. आता नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं यंत्र. डॉक्टरांनी आठवड्यांच्या हिशेबात बोलायला सुरुवात केली होती, महिन्यांचं नाव घेत नव्हते.

"घाबरलायत का?" तिनं एकदा विचारलं होतं.

"कशाला? पोरगा आहे की तिकडे. बापाला घ्यायला येईल." मग दम घेऊन, "येईल ना गं? ओळखेल?"

"न ओळखायला काय झालं? नाक तुमचंच होतं."

त्यांना एकच मूल झालं. सातव्या महिन्यात, त्याच इस्पितळात. पावणेदोन तास जगलं. ती स्वतः खाटेवर पडलेली, अंगात उभं राहायचं त्राण नाही. फादरना बोलावणं गेलं होतं, पण ते चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेत होते. तिनं बाळ मागून घेतलं, वाटीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते. हे कुणीही देऊ शकतं. जीव जात असेल आणि फादर जवळ नसतील, तर परिचारिकेनं द्यावा, असंच त्यांना शिकवलं होतं. नंतर एकतीस वर्षं, ज्यांचे आईबाप मागत त्या प्रत्येक जाणाऱ्या बाळाला तिनं असंच पाणी दिलं.

का, तेही शिकवलं होतं. जुने थोरले फादर बोलायचे फार स्पष्ट. पाण्याशिवाय गेलेलं मूल स्वर्गाच्या आत जात नाही. ते जळत नाही, रडत नाही, पण त्याला दारही नाही. असं मूल कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरायचं. भिंत कंबरेइतकी होती. पलीकडे उभ्या आईला आतले क्रूस दिसत, तिच्या मुलाला मात्र खूण म्हणून एक दगड.

तिचं मूल भिंतीच्या आत होतं. एवढ्या एका गोष्टीवर दोन माणसांनी सदतीस वर्षांचा संसार रेटला होता.

३

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी नव्या फादरनी नव्या परिचारिकांचा वर्ग घेतला. टोपीमावशी मागच्या बाकावर बसली होती. जुनी जाणती म्हणून तिला मुद्दाम बोलावलं होतं.

फादर तिशीचे, मन लावून बोलणारे. "पाणी डोक्याच्या कातडीला लागलं पाहिजे आणि वाहिलं पाहिजे," ते म्हणाले. "नुसते केस भिजले तर शंका उरते. कपड्यावर, टोपीवर ओतलं तर तो बाप्तिस्मा नव्हे."

"नव्हे म्हणजे?" मागून आवाज आला.

"नव्हे म्हणजे झालाच नाही, मावशी."

"आणि ते मूल गेलं असेल तर?"

फादरनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. "वर्गानंतर बोलू."

वर्गानंतर ती त्यांना सामानाच्या खोलीत घेऊन गेली. फळीवरच्या खोक्यात शिकवणीची एक जुनी बाहुली होती. थोरल्या फादरनी याच बाहुलीवर तिला शिकवलं होतं, तिच्या आधीच्यांना आणि नंतरच्यांनाही. छापील कार्डावर एवढंच होतं, 'डोक्यावर पाणी ओतावे.' बाकी सगळं हाताला शिकवायचं. डावा हात मानेखाली, उजव्यात वाटी, तीन वेळा धार.

बाहुलीच्या डोक्यावर टोपी होती. फादरनी ती ओढली. आली नाही. जाड दोऱ्यानं कडेकडेनं शिवून टाकलेली होती. हरवू नये म्हणून असेल किंवा डोकं फुटलं म्हणून असेल. टाळूवर कापड पिवळं पडलं होतं. तीन पिढ्यांच्या मुलींनी तिथं पाणी ओतलं होतं.

"आम्हाला वाटलं, असंच असतं," ती म्हणाली. "काढायची नसते. आणि खरं सांगू? काढावीशी वाटायचीही नाही. जाणारं पोर, त्यात थंडी. कुठं त्याला अजून गारठवायचं?"

"मावशी, ऐका माझं. देव काही कारकून नाही."

"मग आम्हाला कशाला कारकून केलंत? एकतीस वर्षं? इतकं पाणी, असे शब्द, इथंच, असंच. एवढं चुकलं तर मूल भिंतीबाहेर. हे मी नव्हतं ठरवलं, फादर."

फादर भले होते, म्हणून गप्प राहिले. भल्या माणसांचा हाच एक वाईट गुण आहे. अंगाशी आलं की ते गप्प राहतात आणि आपण त्याला नम्रता म्हणतो.

जिना उतरताना तिला धुलाईवाल्याचा विनोद आठवला. किती जणांना टोप्या घातल्या, मावशी. 

४

पुढच्या मंगळवारी बावीसच्या बावीस ओल्या निघाल्या.

धुलाईवाल्यानं यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं मागची पत्र्याची पाठ उघडली, नळ्या तपासल्या, आत हात घालून पाहिला. "याला काही धाड भरलेली नाही," तो म्हणाला. मग गंमत म्हणून त्यानं एक टोपी उलटी केली, आत बोट फिरवलं, बाहेर फिरवलं, पुन्हा आत फिरवलं. टोपी त्यानं टेबलावर नीट ठेवली आणि हत्यारं गोळा केली. आणि तो निघून गेला.

टोपीमावशी अशी भिणारी बाई नव्हती. तिनं आयुष्यभर ताप मोजला होता, थेंब मोजले होते. लोकरीला तेल असेल, साबण बदलला असेल, तळघराला ओल असेल. तिनं एक टोपी पिशवीत घातली, घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर कामाला लागली.

आधी तिनं टोपलीतली कोरी टोपी घेतली, नुकतीच विणून झालेली. डाव्या हाताच्या मुठीवर चढवली आणि चमच्यानं पाणी ओतलं. क्षणात मूठ भिजली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

ती तशीच उभी राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. पोचतं! लोकर सैल असते, पाणी आत जातं, कातडीला लागतं, वाहतं. सगळ्यांना पोचलं असणार. त्यालाही. उगाच जिवाला घोर लावून घेतला.

"काय गं, काय झालं?" आतून नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही हो. चमचा पडला."

आता नुसती खातरजमा म्हणून तिनं इस्पितळातून आणलेली टोपी मुठीवर चढवली. तीच लोकर, तीच सुई, तेच टाके. पाणी ओतलं. टाळूवर थेंब उभे राहिले, जरा थरथरले आणि बाजूनं घरंगळून ओट्यावर पडले. दुसरा चमचा, तिसरा. मग तिनं अख्खी वाटी उपडी केली. ओटा भिजला, पदर भिजला, पायाखालची फरशी भिजली. टोपीतून मूठ काढली तेव्हा ती कोरडी होती. गार नव्हती. उलट कुणी मघापासून हातात धरून ठेवावी तशी उबदार होती.

५

तिनं बिशप हाऊसला पत्र लिहिलं. टोप्यांचं त्यात काही लिहिलं नाही. वेडी ठरवायला त्यांना आयतं निमित्त कशाला द्या? फक्त बाहुलीचं लिहिलं आणि एकच प्रश्न विचारला: ही मुलं आत आहेत की बाहेर?

पत्राला उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी सेक्रेटरी फादरचा फोन आला. आवाज मोठा गोड.

"बाई, तुमची कळकळ पोचली. अशा बाळांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो. आता तशी जुनी शिकवण कुणी देत नाही."

"म्हणजे ती चूक होती?"

"चूक असं नाही म्हणता येणार."

"मग बरोबर होती?"

"तिचा जोर आता बदललाय, असं म्हणू."

"आणि भिंतीबाहेर पुरायचं?"

"ती प्रथा केव्हाच बंद झाली."

"प्रथा बंद झाली, फादर. पुरलेली मुलं तिथंच आहेत ना?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "एक विनंती आहे, बाई. आईबापांपर्यंत हे जाऊ देऊ नका. जुन्या जखमा कशाला उकरायच्या? तुम्ही समजूतदार आहात."

दार बंद आहे असं सांगणारे तेच होते. दार कधी नव्हतंच असं सुचवणारेही आता तेच. मधल्या काळात त्या दाराशी डोकं आपटून ज्यांनी कपाळं फोडून घेतली, त्यांनी समजूतदार व्हायचं. टोपीमावशीनं फोन ठेवला. तिनं कुणाला सांगितलं नाही. आईबापांना सांगणार तरी काय? एकाच बापाला सांगायचं होतं, तो पलीकडच्या खोलीत श्वास मोजत होता, आणि त्याला सांगायचा तिला धीर नव्हता.

मंगळवारी इस्पितळात जाणं तिनं बंद केलं.

६

शुक्रवारी दुपारी पावणेपाचला त्यानं तिला हाक मारली. खोलीत लख्ख ऊन होतं. ऑक्सिजनचं यंत्र नेहमीसारखं फुसफुसत होतं.

"बस इथं," तो म्हणाला. "एक विचारू? चिडू नको."

"चिडायला काय मी तुमची सासू आहे?"

तो हसला. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर त्यानं विचारलं, "टोपी काढली होतीस का गं त्याची?"

तिनं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. "कोण आलं होतं इथं? फादर आले होते?"

"कुणी नाही."

"मग हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगेल कोण? अजून बोलता कुठं येतं त्याला." त्यानं खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या खालच्या कडेकडे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. "तीन दिवस झाले, दुपारचा तिथं असतो. मी म्हटलं, न्यायला आला. पण तो माझ्याकडे बघतच नाही. सारखे हात गळ्याशी नेतो. नाडी ओढतो. गाठ सुटत नाही त्याला. बोटं एवढीएवढीशी, कशी सुटणार?"

तिनं त्या जागेकडे बघितलं नाही. तिथं आपल्याला काही दिसणार नाही, असं तिची बुद्धी सांगत होती. आणि दिसलं नाही तर ते तिला सोसणार नव्हतं.

खोटं बोलायला तिला एक क्षण मिळाला. काढली होती, असं ती म्हणू शकली असती. सेक्रेटरी फादरनी तिच्या जागी नक्कीच वेळ मारून नेली असती.

"नाही काढली," ती म्हणाली. "थंड पडत चालला होता हो. मला नाही काढवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं पाणी वरच्या वर राहिलं." आणि मग सगळंच बाहेर आलं. बाहुली, शिवलेली टोपी, चमचा, मूठ, सगळं. त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. संसारात पहिल्यांदाच.

"बरं केलंस," शेवटी तो म्हणाला. "गारठला असता."

"असं काय म्हणता? तो आत नाही, कळतंय का तुम्हाला? इतकी वर्षं आपण—"

"कळतंय गं. मी काही बहिरा नाही झालो." त्यानं तिचा हात थोपटला. "वाटी आण पाण्याची. ठेव इथं, माझ्या हाताशी. मी निघालोच आहे. जाता जाता सोडतो गाठ."

तिनं वाटी आणली. तो कुशीवर वळला होता, खिडकीकडे तोंड करून. उजवा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि त्याची बोटं हलत होती. काच कापताना हलायची तशी, बेतानं, घाई न करता. नखानं काहीतरी उकलत होती. तिनं वाकून तो हात आपल्या हातात घ्यायचं ठरवलं आणि मध्येच थांबली. बोटं एकमेकांना टेकत नव्हती. तो मूठ मिटायला बघत होता आणि ती मिटत नव्हती, कारण मुठीतली लिंबाएवढी जागा रिकामी नव्हती.

मग अंगठा आणि तर्जनी एकदम दूर झाली. गाठ सुटल्यावर होतात तशी.

"वाटी," तो म्हणाला.

तिनं वाटी त्याच्या तळव्यावर दिली. त्यानं ती तिरपी केली. पाण्याची धार खाली गेली. फरशीवर पाणी पडल्याचा आवाज तिनं ऐकण्याची वाट पाहिली. आवाज आला नाही. त्याचे ओठ शब्द म्हणत होते. पिता म्हणून झालं, पुत्र म्हणून झालं. तिसरं नाव ओठांवर असतानाच श्वास थांबला. यंत्र मात्र फुसफुसत राहिलं.

शब्द पुरे झाले की नाही, ते तिला कळलं नाही. खाली बघायला ती वाकली तेव्हा फरशीवर फक्त ऊन होतं.

७

दफन झाल्यावर कबरस्तानाच्या फाटकापाशी तिनं नव्या फादरना गाठलं.

"जाणाऱ्या माणसानं गेलेल्याला दिलेलं चालतं का?"

"मावशी, बाप्तिस्मा जिवंतांनाच देता येतो. आणि शब्द पुरे व्हावे लागतात."

"हे तुम्ही मनापासून म्हणताय, की पाठ आहे म्हणून?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्यांची कीव आली आणि तिनं विषय सोडला.

त्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, फादरच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसली. पन्नाशीची, हातात पर्स, शाळेतली शिक्षिका. तिचं मूल सव्वीस वर्षांपूर्वी त्या इस्पितळात गेलं होतं. तिला आत बोलावलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "पाणी देताना माझ्या मुलीची टोपी काढली होती का?"

दुपारपर्यंत आणखी दोघी आल्या. त्या आठवड्यात मिळून नऊ जणी. एक दुकान चालवणारी, एक आजारी, लेकाच्या खांद्यावर हात टाकून आलेली. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. फादर आणि बिशप हाऊस सोडले तर टोपीमावशीनं आपल्या नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि तो जमिनीखाली होता. फादरनी शपथेवर सांगितलं, मी बोललो नाही. बिशप हाऊसनं लेखी कळवलं की आमच्याकडून कोणतीही माहिती बाहेर गेलेली नाही. पहिल्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, हे मात्र लगेच आलं. त्या बायकांना कुणी सांगितलं म्हणून विचारलं की त्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर कुठंतरी बघत आणि पुन्हा आपलाच प्रश्न विचारत.

टोपीमावशी त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. प्रत्येकीला तिनं खरं सांगितलं. दोघींनी तिला शिव्या दिल्या. एकीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

नववी बाई सगळ्यांत शेवटी आली, दोन दिवसांचा प्रवास करून. तिचं मूल या इस्पितळात जन्मलंच नव्हतं. ते दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या मिशनच्या इस्पितळात गेलं होतं, आणि टोपीमावशीनं तिथं कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. तरी ती याच बाकाशी आली, याच बाईसमोर उभी राहिली आणि तोच प्रश्न विचारला. तिला हा पत्ता कुणी दिला, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.